बटव्यातल्या गोळ्या

परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात राजेश्री फार्मासिस्ट आहे. वॉर्डातल्या प्रत्येकाच्या गोळ्या तीच तपासून वर पाठवते. स्वभाव भारी संशयी! घराला कुलूप लावलं तरी कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणार. नवरा हसतो, हसेना बापडा.

धुरपताबाईंनी मात्र तिची झोपच उडवली. ऊसतोडीवरून राणीसावरगावला परतलेली ही म्हातारी चक्कर येऊन पडली, म्हणून भरती झाली. रक्तातली साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी साखर कमी करणाऱ्या गोळ्या बंद करून सलाईन लावलं. तरी साखर पुन्हा घसरली.

माझ्याच हातून तर चुकीची गोळी जात नाही ना? राजेश्रीने कपाटं उपसली, पाकिटं पुन्हा पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं, आणि तेच तिला खाऊ लागलं. जेवणाचा डबा तसाच टाकून ती जिना चढली.

धुरपताबाई कमरेचा बटवा सोडत होत्या. पान-सुपारी असेल म्हणून त्यात कुणी डोकावलंच नव्हतं. त्यांनी एक पांढरी गोळी काढली. ती तोंडात जाणार, तोच राजेश्रीने हात धरला.

"मावशी, ही कसली?"

"साखरंची. कारखान्याकडल्या डॉक्टरनं दिलीय. औषध अर्धं सोडायचं न्हाई मनला व्हता."

"सिस्टरनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी काढून घेतल्या असत्या. लय गुणाच्या हायत, बाई." त्यांनी बटवा छातीशी घट्ट धरला.

राजेश्रीला राग आला, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आपला हात चुकला नव्हता! तरी स्वभाव कुठला गप्प बसू देतो? "आणखी कुणाला दिल्या का?"

"घरी आमच्या मालकाला दिल्या की निम्म्या. त्यांला शुगर न्हाई, पर अंग गळायलंय मनत व्हते."

शुगर नसलेल्या माणसाची साखर तर आणखीच खाली जाणार! नंबर विचारून राजेश्रीने फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला.

"का उचलंनात?" धुरपताबाई उठून बसल्या.

अखेर जड आवाज आला, "कोन हाय? लय गरगरायलंय..."

"काका, दवाखान्यातून बोलतेय. घरात गूळ आहे?"

"हाय."

"आधी तो खा. फोन ठेवू नका, शेजाऱ्याला हाक मारा!"

पलीकडे डब्याचं झाकण खाली पडलं. मग काहीच ऐकू येईना.

"अवो, खा की!" धुरपताबाई फोनकडे तोंड करून ओरडल्या आणि बटवा राजेश्रीच्या हातात कोंबला. दोघींनी फोनला कान लावले. बऱ्याच वेळाने पलीकडून गूळ चावल्याचा आवाज आला.