दोन सीटांची हिरवी गाडी

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर आमचं घर चालायचं. असा काटेकोर माणूस, घरी बायको आणि मुलगी असताना, एके दिवशी दोनच सीटांची जुनी हिरवी स्पोर्ट्स कार घेऊन दारात हजर झाला. आईने तिला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि आमच्या दोघींपैकी कुणाला टाकून जायचा विचार आहे, एवढंच विचारलं.

टाकलं कुणालाच नाही. सीटांच्या मागे सामानाची अरुंद फळी होती, तिच्यावर घडीचं ब्लँकेट टाकून माझी सोय लागली. गुडघे हनुवटीला टेकवून मी आडवी बसायचे. कापडी छत उघडलं की वारा असा भरायचा की बोलायची सोयच नाही, आणि आमच्या घरात तेवढाच काळ भांडण नसायचं. आईने एका हाताने डोक्याचा रुमाल धरलेला आणि दुसऱ्याने दार, कारण ते दार वळणावर आपोआप उघडायचं. तिची कुरकूर अखंड चालू असे. तरी रविवारी सगळ्यांत आधी तयार होऊन तीच जाऊन बसायची. त्या फळीवर मी जितकी सुखात होते तितकी नंतर क्वचितच राहिले.

गाडीच्या स्टिअरिंगला मात्र बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. गाडी चालवायला मी शिकले ती मैत्रिणीच्या गाडीवर. एकदा धीर करून बाबांकडे किल्ली मागितली, तर म्हणाले की हिचा क्लच तुला कळायचा नाही. मी जात्याच डूख धरणारी. तो अपमान मी बरीच वर्षं जपून ठेवला.

पुढे इंजिनाने मान टाकली, सुटे भाग मिळेनात, आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती वीस वर्षं. आई गेल्यावर बाबांचं जेवण तुटलं. महिन्याभराने त्यांनी ताडपत्री ओढून काढली आणि जाहीर केलं, की ही पुन्हा उभी करायची आणि डोळे मिटायच्या आत एकदा स्वतः चालवायची. वय चौऱ्याहत्तर.

जुन्या गाड्यांचा एक मिस्त्री मिळाला. बोलायला कंजूष, कामाला वाघ. बाबा रोज सकाळी त्याच्या शेडमध्ये हजर. गंजलेला तळ कापून नवा जोडला, कार्ब्युरेटर चारदा खोलला, दाराला नवं कुलूप बसवलं. एक स्क्रू इतरांपेक्षा वेगळा दिसला म्हणून बाबांनी अख्खा डॅशबोर्ड परत काढायला लावला, तेव्हा मिस्त्रीने मला फोन करून अक्षरशः हात टेकले. पण बाबा पुन्हा दोन घास जास्त जेवायला लागले होते. मी कानाडोळा केला.

अशी सहा वर्षं गेली. शिवायला दिलेल्या सीटा सगळ्यांत शेवटी आल्या. त्या बसवल्या त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच अडकले. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर, आणि गुडघा वाकेना. मी एका बाजूने धरलं, मिस्त्रीने दुसऱ्या. सीट मागे सरकवली, उशी ठेवली, आधी पाठ मग पाय असंही करून पाहिलं. बाबा कळवळले तेव्हा आम्ही थांबलो. शेजारच्या सीटचंही तेच. सहा वर्षं सगळेजण बाहेरून वाकून काम करत होते, आत बसायला सीटच नव्हती. त्यामुळे हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"सगळं तपासलं," बाबा म्हणाले. "मलाच तपासायचं राहिलं."

मिस्त्री स्वच्छ आरसा पुन्हा पुसत राहिला. मला रडू आवरेना. बाबांनी थोडा वेळ टपावर हात ठेवला, मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि क्लच हळू सोड म्हणाले.

हळू सोडूनही मी गाडी दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा ती निघाली. रस्त्याच्या टोकाला वळवून परत आले, तर बाबा शेडबाहेर स्टुलावर बसले होते. मी थांबायला लागले तशी त्यांनी पुढे जायची खूण केली. पुन्हा आले, पुन्हा तीच खूण. चौथ्या फेरीला मीच ब्रेक मारला आणि विचारलं, "बाबा, वाईट वाटतंय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं चालवली, पण हिला जाताना मी कधी बघितलंच नव्हतं. आणखी एकदा जा."