सातासमुद्रापार गेलेला बेडका

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दादाला टीबी झाला होता आणि वर्षभर गोळ्या घेऊनही उतार पडेना. मी मुलुंडच्या ज्या दवाखान्यात बेडके तपासायचे, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या जंतूंना आपली औषधं लागू पडत नाहीत. कुठलं पडेल ते इथे नाही कळायचं. परदेशातल्या प्रयोगशाळेबरोबर आपलं संशोधन चाललंय ना, तिकडे नमुना पाठवू."

मी दादाला बाटली दिली, सकाळचा बेडका दे म्हटलं आणि सुटले. बाटली विमानाने गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं, नळीत जंतू वाढलेच नाहीत, नमुन्यात नुसती लाळ होती.

डोक्यात तिडीकच गेली. घरी येऊन दादावर ओरडले, तर आई मधे पडली. "भायर देशात जातली थुंकी, मगे घाण कशी धाडूची?" म्हणून तिने दादाला मिठाच्या पाण्याने चार चुळा भरायला लावल्या होत्या, वर बाटली औषधी साबणाने घासली होती. घरची इज्जत राखली आणि पोराचे दोन महिने घालवले. खरं तर चूक माझीच. बाकी पेशंटांना रोज बजावायचे, खोल खोकून छातीतला बेडका काढा, नुसती थुंकी नको; घरच्यांना सांगायचं राहिलं.

दुसऱ्या वेळी मी समोर उभी राहिले. दादा पार काटकुळा झालेला, साकीनाक्याच्या कारखान्यातलं लेथ मशीनवरचं काम सुटलेलं. खोकून खोकून बेडका आला तो रक्ताळलेला. आईने डोळे मिटून घेतले, पण बाटलीला हात लावला नाही.

या वेळी पत्रासोबत फोटो होता. काचेच्या नळीत पिवळट, खरबरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलेलं, खाली दादाच्या नमुन्याचा नंबर. दोन औषधं निकामी, तिसरं चालेल. आणि शेवटी तिथल्या तपासणाऱ्या बाईने हाताने लिहिलं होतं, सहा आठवडे रोज सकाळी याला बघतेय, माणूस बरा झाला की कळवा.

घरी ती ओळ मी मराठीत दोनदा सांगितली. ना ओळख ना पाळख, आणि एक बाई रोज सकाळी आमच्या दादाचे जंतू हातात धरून बघत होती. आम्ही मात्र वर्षभर त्याचं ताट खिडकीखाली वेगळं ठेवलं होतं. दिवसभर बेडके हाताळणारी मी, मीसुद्धा.

नवं औषध लागू पडलं. चौथ्या महिन्यात बेडक्यात जंतू दिसले नाहीत, मी तीनदा बघितलं. त्या दुपारी आईने खिडकीखालचं ताट उचललं, आमच्या ताटांबरोबर घासलं आणि त्यातच स्वतःला वाढून घेतलं.

पहिला घास गिळून म्हणाली, "लिव त्या बायेक, माझो झील बरो झालो म्हणान."