बटच्या नंतरचं

ऑफिसात हेडक्लार्क बाईंइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, साहेबांना तर नाहीच. म्हणून वर्षअखेरीला सगळ्यांचे गोपनीय अहवाल साहेब तोंडी सांगत आणि बाई इंग्रजीत टाईप करत.

साहेबांना बाईंनीच शिकवलं होतं. "'ऑनेस्ट बट स्लो' लिहिलं की माणूस ढिला ठरतो, 'स्लो बट ऑनेस्ट' लिहिलं की प्रामाणिक. वरचे लोक बटच्या नंतरचंच लक्षात ठेवतात. कुणाला सांभाळून घ्यायचं तर दोष 'ऑल्दो' लावून आधीच उरकून टाकावा." अशी शब्दांची उलथापालथ करून बाईंनी कितीजणांच्या बढत्या वाचवल्या. वर चढल्यावर एकानंही त्यांचं नाव काढलं नाही.

यंदा बाईंचा अहवाल साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिला आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. एकच ओळ होती: 'व्हेरी सिन्सिअर, बट ओल्ड.'

"साहेब, इथे ऑल्दो घालता आलं असतं," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे की," साहेब मान वर न करता म्हणाले. "पण मला बटच म्हणायचं होतं. स्पेलिंग तेवढं बघून घ्या."

बाईंनी 'सिन्सिअर'च्या शेवटी राहून गेलेला ई घातला आणि खाली सही केली.