साहेबांची काचेची पाटी

सरकारी खरेदीचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप टेबलावर येऊन पडतात. माझ्या टेबलावर २००९ साली टॅब्लेट येऊन पडले!

गडचिरोली जिल्ह्यात एका कचेरीत वनजमिनीचे दावे टाइप करायला आम्ही दोघं कंत्राटी ऑपरेटर, मी आणि कुसुमताई. मागितले होते स्वस्तातले दोन लॅपटॉप. आले चार टॅब्लेट. की-बोर्ड नाही, काचेवर प्लास्टिकच्या पेनाने लिहायचं. दाव्यात नाव चुकलं तर माणसाची जमीन जाते, पण टाइप करणाऱ्याला विचारतो कोण?

*

साहेब म्हणाले, "लिहिलं की आपोआप टाइप होतं!" मी 'सीताराम' लिहिलं. काचेवर इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली.

नागपूरहून आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, इंग्लिशमध्ये लिहा ना!"

फॉर्म मराठी, माणसं मराठी, आणि इंग्लिशमध्ये मी लिहू! डोकंच सरकलं माझं.

*

एका गावात साहेबांनी म्हाताऱ्या देवाजीभाऊंपुढे टॅब्लेट धरला. "इथे अंगठा लावा."

भाऊंनी शाईच्या पॅडवर अंगठा घोळवला आणि काचेवर ठसठशीत दाबला. साहेब किंचाळले.

"तुमीच त म्हनलं ना, इथी लावा!"

*

शेवटी कुसुमताईंनी भाचीचा जुना, छोटासा लॅपटॉप आणला. महिनाभर अडलेले दावे चार दिवसांत टाइप झाले. बक्षीस म्हणून नोटीस मिळाली: "खासगी उपकरण कार्यालयात का आणले?"

ताईंनी त्याच लॅपटॉपवर खुलासा टाइप केला: "काम करण्यासाठी."

*

साहेबांनी मग गावच्या सभेतही तोच लॅपटॉप चालवून घेतला. टॅब्लेट ते छातीशी धरून लिहीत, गावाला नुसती टॅब्लेटची पाठ दिसायची. आता लॅपटॉप टेबलावर, साहेब ताईंशेजारी बसून सांगतायत, गाव समोर.

दावा जैवंताबाईंचा. नवरा गेल्यापासून नाल्याकाठची धानाची बांधी त्यांनी एकटीने कसलेली. साहेब पुटपुटले, "कब्जेदार, नामदेव." नामदेव म्हणजे मुलगा, बल्लारपूरला नोकरीला.

"काय लिवलं सायेब?"

"लिहिलं बरोबर. बसा बाई."

बाई बसल्या नाहीत. टेबलाशी आल्या, दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि गावाकडे फिरवून ठेवला.

"वावर आमचं, त याचं तोंड तुमच्याकडं काऊन?"

त्यांच्या सातवीतल्या नातीने वाचलं, "कब्जेदार, नामदेव." साहेब रुमाल शोधू लागले.

ताईंनी लॅपटॉप आडवा केला, हात पोहोचेल आणि गावालाही दिसेल असा. जैवंताबाई ताईंच्या शेजारी, साहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या.

"पुस ते. आन् लिव्ह माय, जैवंता."