टेपचा सांधा

आज मोबाइलवर चेलोचं तेच जुनं वादन लागलं आणि नेहमीच्या जागी ते अडखळलंच नाही.

खूप वर्षांपूर्वी पेडगावच्या शाळेतले माझे सहकारी गंगाधरराव ऑपरेशनला निघाले होते. दवाखान्यात ऐकायला त्यांनी या वादनाची माझी कॅसेट मागितली. मला द्यायची नव्हती. "टेप तुटलीय," मी म्हणालो.

"आणा की सर, जोडून देतो."

आत जाऊन मी ती खरंच तोडली. त्यांनी ओसरीवर बसून ती चिकटपट्टीनं सांधली, पेन्सिलीनं गुंडाळली. "थोडा सूर गेला बघा. हिचं ऑपरेशन झालं, आता माझं. नेऊ का?"

"वाटेत परत तुटेल."

"ते बी हाय," म्हणत त्यांनी कॅसेट माझ्या हातात ठेवली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

तो गेलेला सूर आज इतक्या वर्षांनी कानावर आला. एवढासाच होता.