खंडव्याच्या गच्चीवरची सुकेळी

हरीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याला मुलीकडे होतो. वसईला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेवटचं दर्शन झालं नाही, याची रुखरुख महिना उलटला तरी जात नाही...

एका कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर आम्ही उमेदीची वर्षं काढली. मी देशावरून येऊन वसईजवळ आचोळ्यात फ्लॅट घेतलेला, ते तिथल्याच नंदाखाल गावच्या केळीच्या वाडीत वाढलेले. त्यांना एकच खोड. प्रवासात शेजारी कोणी बसला रे बसला, की "गाव कुठलं तुमचं?" मग सोयरे-धायरे उकरत राहायचे, आणि काहीतरी धागा निघायचाच. कोल्हापूरच्या एसटीतला कंडक्टर एकदा त्यांच्या मावसभावाचा व्याही निघाला. मी चाट पडलो. ते म्हणाले, "योगायोग रोजच असतात. आपन विचारत नाय, म्हनून कळत नाय."

या खोडीचं कारण मला पुढे कळलं. त्यांची धाकटी बहीण विमल जातीबाहेर लग्न करून गेली होती. वडिलांनी घरात तिचं नाव काढायलाही मनाई केली. ती कुठे नांदते, कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील वारले, आई थकली आणि "माझी पोर एकदा दाखव" एवढंच म्हणत राहिली. हरीभाऊ प्रत्येक प्रवासात तिलाच शोधत होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघे ओंकारेश्वरला गेलो. परतताना खंडवा स्टेशनात शेजारच्या बाकावरची, पाहुण्यांना सोडायला आलेली एक बाई मुलावर ओरडली, "अरे, पानी!" हरीभाऊंनी कान टवकारले. त्यांच्या वाडीत सगळे 'पानी'च म्हणतात. "ही आपल्याकडची," म्हणत उठलेच. मी म्हटलं, "अहो, इथे अख्खा मुलूख पानी म्हणतो." ऐकतायत कसले! जाऊन विचारलं, "ताई, गाव कुठलं?" बाईला मराठीचा गंध नाही. पण ती हसून म्हणाली, "हमारी गली में एक भाभी हैं, बिलकुल आपकी तरह बोलती हैं. छत पर केले सुखाती हैं."

हरीभाऊंनी पिशवी खांद्याला अडकवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, की झाली सुकेळी. हे आमच्या वसईकडचं काम, खंडव्यात कोण करणार? आमची गाडी आली आणि आमच्याविनाच गेली. आम्ही त्या बाईच्या मागोमाग तिच्या गल्लीत. दार उघडून एकीने विचारलं, "कोन पायजे?" हरीभाऊ म्हणाले, "विमे, आयनं बोलवलंय." ती उंबरठ्यावरच बसली आणि रडू लागली. मलाही आवरलं नाही. पुढे आई असेतोवर प्रत्येक उन्हाळ्यात विमलताई माहेरी येत राहिल्या.

परवा नंदाखालला भेटायला गेलो, तेव्हा हरीभाऊंच्या खोलीत त्या एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुमची शेजारीण नेमकी आमच्याच बाकाजवळ बसावी, केवढा योगायोग! पण ताई, तिकडे सुकेळी खायचं कोण?"

"कोनीच नाय. मला सोताला पन आवडत नाय, लहानपनापासून."

"मग दरवर्षी खटाटोप कशासाठी?"

त्या हरीभाऊंच्या पलंगाची चादर सारखी करत राहिल्या... "दादाचा सभाव मला म्हायती ना. तो कुठंतरी, कोनालातरी विचारनारच. मग त्या मानसाकडं सांगायला कायतरी पायजे."