वाक्याच्या शेवटी येणारं नाही

माझ्या शेजारणीला माझं नाव आई आहे असं वाटतं. मुलगा सारखा आई आई करतो, तेच तिनं ऐकलं. ती माझ्याहून पुष्कळ मोठी, ऐंशीच्या पुढची, पण जिन्यात दिसली की मला आई म्हणून हाक मारते. एकदा हसत म्हणाली, तुझं नाव मजेशीर आहे, इंग्रजीत त्याचा अर्थ डोळा आणि जर्मनमध्ये अंडं. तिची चूक मी अजून सुधारलेली नाही. एवढ्या मोठ्या बाईनं आई म्हटलेलं बरं वाटतं.

ती इंग्लंडची. नवरा त्यांच्या सैन्यात होता, त्याच्याबरोबर तरुणपणी जर्मनीत आली. पुढं सैन्य सोडून तो इथं र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि ही दोघं इथलीच झाली. आता ती एकटी असते. माझा नवरा गेल्यावर मुलानं मला इकडं आणलं. मुलगा कामावर गेला की मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. आम्ही जर्मनमध्ये बोलतो. माझं तुटकं आणि तिचं सावकाश, त्यामुळे जमतं.

तिनं मला तिचं गाव सांगितलं. डोंगराच्या उतारावर कोळशाच्या खाणीचं गाव. एकाला एक चिकटलेल्या घरांची ओळ आणि सगळ्या ओळीत मिळून पाण्याचा एकच हातपंप. वडील खाणीतून काळे होऊन यायचे. आई चुलीपुढं पत्र्याचा टब ठेवायची, आधी वडील अंघोळ करायचे, मग त्याच पाण्यात पोरं. दोरीवर कपडे घातले की वारा कुठला आहे ते बघायचं, खाणीकडचा असला तर पांढरं काही बाहेर काढायचं नाही. वर टेकडीवर मालकाचा बंगला होता. त्याच्या फाटकातून पोरांना वर्षातून एकदाच आत सोडायचे, सणाला, बन खायला. ती म्हणाली, तो बन मी दारातच खाऊन टाकायचे, परत मागतील म्हणून. मला ती गोष्ट फार कळली.

जर्मनही तिनंच शिकवलं. नवीन लग्न होऊन आली तेव्हा घरमालकीण तिला काहीतरी सांगायची, ही अर्धं ऐकून मान हलवायची आणि निघायची. एकदा मालकीण म्हणाली, रविवारी आपण इथं कपडे धूत... आणि ही पुढचं ऐकायला थांबलीच नाही. रविवारी सगळ्या चादरी धुऊन अंगणात वाळत घातली. इथं रविवारी शांतता पाळतात, सगळी आळी खिडकीत येऊन बघत होती. तेव्हापासून ती सांगते, आई, जर्मन माणूस बोलत असला की शेवटपर्यंत थांबायचं. त्यांचं ‘निश्त’ पुष्कळदा अगदी शेवटी येतं. निश्त म्हणजे नाही.

मी म्हटलं, आमचंही तसंच. आमचंही नाही शेवटीच येतं.

चौकात एक दगडी कारंजं आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी तिथं ओंजळ पुढं केली तर तिनं माझा हात मागं ओढला. बाजूला पाटी होती, हे पिण्याचं पाणी नव्हे. ती माझ्या भल्यासाठीच ओढत होती, पण मी दोन्ही हात पाठीमागं लपवले. तिनं विचारलं काय झालं. मला सांगण्याइतके शब्द नव्हते. एवढंच म्हटलं, माझ्या गावातलं आठवलं, कधीतरी सांगेन.

सांगायची वेळ या वर्षी आली. इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा म्हातारी माणसं जमतात, कॉफी-केक असतो आणि प्रत्येक जण आपल्या लहानपणच्या गावाचं सांगतो. त्या महिन्याचा विषय पाणी होता. शेजारणीनं स्वतःचं नाव दिलं आणि माझंही देऊन टाकलं. मी चार माणसांत तोंड उघडणारी नाही. पण तिला कबूल केलं होतं. मुलाला विचारलं, मी मराठीत बोलेन, तू जर्मनमध्ये सांगशील का? तो लगेच हो म्हणाला. त्याच्या खात्याच्या साहेबांनाही त्यानं बोलावलं, ते सपत्नीक आले.

मला काय सांगायचं होतं ते त्याला ठाऊक होतं. लहानपणी अभ्यासाचा कंटाळा करायचा तेव्हा मी त्याला हेच सांगायचे. सहावीत असताना शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत त्यानं हीच गोष्ट सांगितली होती. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. अजून त्याच पेल्यानं पाणी पितो, इथंही घेऊन आलाय.

वाचनालयात आधी शेजारीण बोलली. थंडीत पंप गोठायचा म्हणून तिची आई त्याला वडिलांचा जुना कोट घालायची, आणि धुक्यात शेजारी त्या पंपाला गुड मॉर्निंग म्हणायचे. सगळे हसले.

मग मी. मी खाली बघूनच बोलले. आमच्या गावात वर पायऱ्यांची विहीर होती, बारा महिने पाण्याची. आम्हाला तिथं पाणी भरू देत नव्हते. आमच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतायचे. नाहीतर ओढ्याच्या वाळूत खड्डा करायचा, झिरा म्हणायचो त्याला, त्यात पाणी पाझरेपर्यंत बसायचं. एका दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. मी पोहरा सोडला आणि पोटभर पाणी प्यायले. कुणीतरी पाहिलं. विहीर उपसली. माझ्या वडिलांना गावात कुणी काम देईना. माझा चौथीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आम्ही गाव सोडलं. शहरात गेल्यावर माझी शाळा झाली नाही.

थोडं बोलायचं आणि थांबायचं, मग मुलगा बोलायचा. मी त्याच्या प्रत्येक वाक्याला शेवटपर्यंत थांबले. ‘ब्रुनेन’ म्हणजे विहीर, ते ऐकलं. ‘त्स्वाय ब्रुनेन’ ऐकलं, दोन विहिरी. उन्हाळा ऐकलं, मुलं ऐकलं. समोरची माणसं हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत होती. मला वाटलं, अजून यायचंय, आता येईल. वडिलांचं सांगितलं तेव्हा त्यानं शहर म्हटलं आणि काम म्हटलं, आणि वाक्य संपलं. निश्त आलंच नाही. पहिल्या ओळीतली एक बाई ‘शोन’ म्हणाली, म्हणजे सुंदर. टाळ्या झाल्या. साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात हातात घेतला. मी हसले. दुसरं काय करणार होते?

पाणी कपड्यातून गाळून घागर भरावी तसं माझ्या मुलानं माझं बोलणं गाळून भरलं होतं. गाळ म्हणून वर राहिली ती मी आणि माझे वडील.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "निश्त कुठं गेलं?"

"काय?"

"मी पाणी भरू देत नव्हते म्हणाले, काम देईना म्हणाले, शाळा झाली नाही म्हणाले. तुझ्या बोलण्यात ते एकदाही आलं नाही. आणि झिऱ्याची विहीर कधी झाली?"

सिग्नल हिरवा झाला तरी तो निघाला नाही. मागच्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"तुला कळलं?" तो म्हणाला.

पहिला शब्द हाच निघाला त्याच्या तोंडून.

घरापर्यंत तो समजावत राहिला. म्हणे, त्या लोकांना ते कळलं नसतं. कळलं असतं तर कीव केली असती. उद्यापासून कामावर जेवताना समोर बसून साहेबांनी माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. इथं आपल्याला कोण कुठले ते कुणी विचारत नाही, तेवढं एक सुख आहे आई, तेही घालवू का? मी म्हटलं, मग मला नाही म्हणायचंस. मी घरी बसले असते. माझ्या तोंडून तू तुझं का बोललास? यावर तो "आल्झो," म्हणजे बरं तर, "सोड ना आता" म्हणाला आणि गाडी लावायला जागा शोधू लागला.

वरच्या आळीच्या माणसांनी पाणी दिलं नाही ते मी आयुष्यभर सांगत आले. ती परकी होती. त्यांच्याकडून मी कशाचीच आशा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडं गेले. ती फार खुशीत होती. किटली नळाखाली धरून म्हणाली, आमचा एकच पंप आणि तुमच्या दोन विहिरी, श्रीमंत गाव होतं तुझं. कुठल्या विहिरीचं पाणी जास्त गोड होतं?

मी मनात शब्द जुळवले. म्हटलं, "ब्रुनेन, वर. आम्ही पाणी घेणं..."

तिनं नळ बंद केला आणि थांबली. तिला सवय आहे. मला पुष्कळ वेळ लागला, तरी मधे बोलली नाही.

"...निश्त," मी म्हटलं.

तिनं विचारलं, का, पिण्याचं नव्हतं का ते? कारंज्याच्या पाटीवरचे शब्द तिनं वापरले.

"पाणी चांगलं," मी म्हटलं. "आम्ही चांगले निश्त."

ती खुर्चीवर बसली. किटली तशीच हातात. मग हळू म्हणाली, पण तुझा मुलगा तर म्हणाला...

"त्याचं जर्मन अजून कच्चं आहे," मी म्हटलं.

मुलाचं जर्मन तिच्याहून चांगलं आहे, हे तिला माहीत आहे आणि मलाही. ती किटली घेऊन उठली. "गेनाऊ," म्हणाली, बरोबर आहे, आणि चहा केला. मग तिनं मला उरलेलं विचारलं आणि मी हातवारे करून, टेबलावर कप मांडून, सगळं सांगितलं. वडिलांचंही.

पुढच्या आठवड्यात गुडघ्यासाठी डॉक्टरकडं जायचं होतं. दर वेळी मुलगा दुभाष्या म्हणून येतो. रात्री जेवताना, पेल्यात पाणी ओतून घेत, त्यानं विचारलं, किती वाजता निघायचं, सुट्टी टाकतो. मी म्हटलं, तू नको येऊस, शेजारीण येणार आहे.

तो हसला. "तिला मराठी कुठं येतं?"

"मराठी येत नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत थांबता येतं."